रात्र कोणाच्या वाट्याला? किबुत्झच्या बालघरांचे प्रकरण

प्रकरण कशाचे

इस्रायलमधला किबुत्झ म्हणजे सामायिक मालकीची शेतीवस्ती. जमीन सर्वांची, मिळकत एका तिजोरीत, जेवण एका भोजनगृहात, कपडे एका धुलाईघरात, अशी मूळची रीत. अशी पहिली वस्ती, डेगानिया, किन्नेरेत सरोवराच्या दक्षिण टोकाशी १९१० मध्ये बसली. पुढच्या काही दशकांत बहुतेक किबुत्झांनी मुलांच्या संगोपनालाही हाच नियम लावला. मुले आईवडिलांच्या खोलीत नव्हे, तर बालघरात राहू लागली. तिथेच जेवायचे, तिथेच अंघोळ, तिथेच खेळ आणि तिथेच झोप. मोजक्या वस्त्यांनी मुलांना रात्री घरीच ठेवले, पण त्या अपवाद होत्या.

१९६० च्या दशकापासून एकेक वस्ती मुलांची रात्रीची झोप घरी परत आणू लागली. १९९० चे दशक सरेपर्यंत बालघरात झोपायची पद्धत संपली. दिवसाची बालघरे मात्र टिकली, आजही चालतात. संस्था मोडली नाही, तिच्यातला एक तुकडा तेवढा गळून पडला. तो नेमका हाच का, आणि गळून पडायला इतकी वर्षे का लागली, हे इथे तपासायचे आहे.

सामाजिक संस्था आणि मानवी गरजा यांचा अभ्यास करणाऱ्याला याहून चांगले प्रकरण सापडणे कठीण. 'कुटुंबाची जागा दुसरी संस्था घेऊ शकेल का?' या प्रश्नावर वाद घालणारे बहुतेक जण कल्पनेतल्या समाजांवर बोलतात. इथे सुशिक्षित, विचारी आणि मुलांवर मनापासून माया करणाऱ्या माणसांनी ते प्रत्यक्ष करून पाहिले. त्यांच्या हेतूवर शंका घ्यायला जागा नाही, म्हणूनच चूक रचनेत कुठे होती ते स्वच्छ दिसते.

हाताशी असलेली साधने

मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव्ह मालिनोव्हस्की यांनी माणसाच्या सात मूलभूत गरजा मांडल्या: पोषण, प्रजनन, शारीरिक सुख, सुरक्षितता, हालचाल, वाढ आणि आरोग्य. प्रत्येक गरजेला संस्कृती काही ना काही व्यवस्था उभी करून उत्तर देते, ही त्यांची मूळ भूमिका. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी १९४९ मध्ये २५० समाजांची माहिती तपासून सांगितले की आईवडील आणि मुले यांचे केंद्रकुटुंब सगळीकडे आढळते आणि ते चार कामे करते: लैंगिक, आर्थिक, प्रजननाचे आणि शिक्षण-संस्काराचे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी त्याच वर्षी दोन उपयुक्त भेद मांडले. संस्थेची काही कार्ये प्रकट असतात, म्हणजे लोकांना ठाऊक असतात आणि हवी असतात. काही सुप्त असतात, कोणी न ठरवता घडतात. शिवाय एकच गरज वेगवेगळ्या रचना भागवू शकतात. याला त्यांनी कार्यात्मक पर्याय म्हटले.

मेल्फोर्ड स्पायरो या मानववंशशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये एका किबुत्झमध्ये राहून अभ्यास केला आणि १९५४ मध्ये मर्डॉक यांच्या व्याख्येलाच आव्हान दिले. नवराबायको आणि मुले एका छताखाली राहत नाहीत, नवराबायकोचा एकत्र असा संसार आणि मिळकत नाही, मुलांना वळण लावायचे काम दायांकडे आहे. मग इथे कुटुंब आहे कुठे? चार वर्षांनी स्पायरो यांनीच आपले म्हणणे सौम्य केले. कारण त्यांच्याच नोंदींत दिसत होते की व्याख्येत न बसणारी ही आईबाप-मुले एकमेकांना घट्ट धरून होती. 'आपले आईबाप' आणि 'आपले मूल' या भावनेला कसलाही धक्का लागलेला नव्हता.

यादी करून कामे वाटून देण्याची पद्धत इथेच अपुरी पडते. पोषण झाले का? झाले. स्वच्छता, शिक्षण, सुरक्षितता? झाले. सगळ्या रकान्यांत खूण पडते, आणि तरी रात्री दोन वाजता अंधारातून एक मूल अनवाणी पायांनी आईच्या खोलीकडे चालत निघते.

बालघर का उभे राहिले

पाच कारणे एकत्र आली. ती वेगवेगळी पाहिली पाहिजेत, कारण ती एकाच वेळी संपली नाहीत.

पहिले, मनुष्यबळ. दलदल, दगड आणि मलेरियाशी झुंजणाऱ्या वस्तीत हात मोजके. आठ बाळांना आठ आया गुंतून पडल्या तर आठ माणसे कामातून गेली. तीच बाळे दोघींनी सांभाळली तर सहा जणी मोकळ्या. पहिल्या पिढीतल्या स्त्रियांना शेतात आणि गोठ्यात पुरुषांच्या बरोबरीने काम करायचे होते. चूल आणि पाळणा यांतून सुटका ही त्यांची स्वतःची मागणी होती, कोणी लादलेली सक्ती नव्हती.

दुसरे, निवारा. मोठी माणसे तंबूत आणि गळक्या झोपड्यांत राहत. पैसे जमले की पहिली पक्की इमारत अनेक ठिकाणी मुलांसाठी बांधली गेली. आईबाप तंबूत आणि लेकरे सिमेंटच्या छताखाली, ही वाटणी प्रेमातूनच झाली होती.

तिसरे, आरोग्य. उकळलेले पाणी, जाळ्या लावलेल्या खिडक्या, प्रशिक्षित परिचारिका हे सगळे एका जागी ठेवणे शक्य होते, तीस झोपड्यांत नव्हे. चौथे, राखण. १९३६ ते १९३९ च्या अरब उठावातल्या हल्ल्यांच्या काळात एका इमारतीभोवती पहारा ठेवणे सोपे होते.

पाचवे, विचार. बापाची सत्ता असलेले जुने कुटुंब मोडायचे, मुलांमध्ये गरीब-श्रीमंत भेद राहू द्यायचा नाही, 'माझे-तुझे' लहानपणीच विरघळवायचे. किबुत्झ आर्त्झी या किबुत्झांच्या डाव्या महासंघात फ्रॉइड यांच्या विचारांचीही भर पडली. आईबापांच्या शयनकक्षापासून मूल दूर वाढले तर त्याच्या मनावरचे ओझे कमी होईल, असे तिथले शिक्षणकर्ते मानत.

पहिली चार कारणे परिस्थितीची होती. १९५० च्या दशकानंतर ती झपाट्याने मावळली. घरे पक्की झाली, मलेरिया हटला, राज्य आणि सैन्य उभे राहिले, यंत्रे आली. पाचवे कारण उरले आणि एकट्याने सगळा भार वाहू लागले. संस्था पाहताना हे विचारायचे बहुधा राहून जाते: ही रचना कोणत्या गरजांसाठी उभी राहिली, आणि त्यांतल्या आज किती उरल्या? गरज संपली तरी इमारत, वेळापत्रक, नेमलेली माणसे आणि अभिमान शिल्लक राहतो, आणि तेवढ्यावर संस्था आणखी तीस वर्षे सहज चालते.

रचना: कोण, कुठे, किती

१९५० च्या सुमाराचा आराखडा साधारण असा होता. बाळ इस्पितळातून थेट शिशुघरात येई. एका शिशुघरात सोळापर्यंत बाळे. सुरुवातीचे काही आठवडे आई कामावरून सुटीवर असे आणि ठरलेल्या वेळी अंगावर पाजायला येई. पुढे ती हळूहळू कामावर परतत जाई, आणि दूध तुटेपर्यंत भरवण्याचे बहुतेक काम मेटापेलेतकडे गेलेले असे. मेटापेलेत म्हणजे सांभाळणारी बाई, या व्यवस्थेचा कणाच.

वर्षाच्या आसपास मूल रांगत्या-चालत्या मुलांच्या घरात जाई. तिथे आठ-आठ मुलांचा एक गट, त्याला म्हणायचे 'क्वुत्झा'. चौथ्या-पाचव्या वर्षी दोन गट मिळून सोळा मुलांची बालवाडी होई, आणि हाच गट प्राथमिक शाळा संपेपर्यंत एकत्र राही. खोल्या तीन-चार खाटांच्या, मुलगे-मुली एकत्र. कपडे धुलाईघरातून घड्या होऊन येत आणि बालघराच्या फळीवर बसत. सुरुवातीच्या काळात सदरा कोणाचा हा प्रश्नच नव्हता, मापाचा असला की झाले. मुलाची खासगी खेळणी बहुधा आईबापांच्या खोलीत ठेवली जात.

दिवसाचा ठेका पक्का होता. सकाळी मेटापेलेत उठवी, न्याहारी, खेळ, जेवण, दुपारची झोप. मधल्या वेळेत लहान बाळाची आई कामातून अर्धा तास येऊन जाई. या भेटीला पुढे 'प्रेमाचा तास' असे नाव पडले. चार वाजता मुले आईबापांच्या खोलीकडे निघत आणि निजायच्या वेळेपर्यंत तिथे राहत.

हे तीन-चार तास व्यवस्थेची खरी ताकद होते, आणि टीकाकार त्यांना पुरते श्रेय देत नाहीत. आईबापांना स्वयंपाक नाही, धुणे नाही, भांडी नाहीत. दोघेही मोकळे, दोघांचेही सगळे लक्ष मुलावर. एकाच छताखाली राहूनही इतका सलग, बिनकटकटीचा वेळ मुलाला देता येतोच असे नाही. वडिलांचा सहभागही त्या काळाच्या मानाने मोठा होता, कारण घरकाम हा शब्दच त्या तासांत नव्हता.

मग निजायची वेळ येई. आईबाप मुलाला बालघरात नेत, दात घासायला लावत, गोष्ट सांगत, पांघरूण घालत. एका खोलीत चार खाटा, म्हणजे आठ पालक. ज्याचे आईबाप आधी उठले ते मूल बाकीच्यांकडे बघत राही. ज्याची आई उठतच नाही तिच्यामुळे इतरांनाही उठवेना. एक रडले की चौघांची झोप मोडे. ही ओढाताण टाळायला काही ठिकाणी निजवण्याचे काम पालकांकडून काढून मेटापेलेतकडे दिले गेले. निरोप त्यामुळे सुटसुटीत झाला, पण संध्याकाळचा शेवटचा स्पर्शही आईबापांच्या हातून गेला.

रात्र, जवळून

मेटापेलेत संध्याकाळी घरी जाई. तिलाही स्वतःची मुले होती. रात्रीसाठी वेगळी व्यवस्था. नंतरच्या काळातल्या नोंदींनुसार साधारण दोन बायका सगळ्या बालघरांवर मिळून राखण करत. मुले जवळपास पन्नास, वय बारा आठवड्यांपासून बारा वर्षांपर्यंत. त्यांचे ठाणे शिशुघरात. तिथून त्या फेऱ्या मारत आणि बाकीच्या घरांवर ध्वनिसंचाने कान ठेवत. प्रत्येक घरातल्या ध्वनिग्राहकाची तार त्यांच्या खोलीतल्या खोक्याला जोडलेली. राखणीची पाळी दर आठवड्याला बदले आणि वस्तीतल्या बायकांमध्ये फिरत राही.

आता एक रडणे घेऊ. रात्रीचे दोन वाजलेत. खोक्यातून आवाज येतो. एक बाई फेरीवर आहे, दुसरीच्या हातात ओले दुपटे बदलायचे बाळ आहे. ते हातावेगळे करायचे, कोणत्या घरातून आवाज आला हे ओळखायचे, अंधारातून तिथवर चालायचे, मग कोणत्या खाटेवरून ते शोधायचे. काही मिनिटे जातात. दीड वर्षाच्या मुलासाठी तो काळ फार मोठा असतो. तोवर बहुधा दोन गोष्टींपैकी एक झालेली असते. एक तर मूल रडून रडून दमलेले असते, नाहीतर शेजारच्या खाटेवरचे जरा मोठे मूल उठून त्याच्याजवळ बसलेले असते. दार उघडते आणि जो चेहरा दिसतो तो अनोळखी नाही, भोजनगृहात पाहिलेला आहे. पण रात्री जवळ घेणारा म्हणून तो ओळखीचा नाही.

सोमवारी त्या बाईला ठाऊक नसते की या मुलाला पाय झाकलेले लागतात, त्याला दिवा थोडा राहिलेला चालतो आणि तिसऱ्याला पाणी नको असते, नुसता हात हवा असतो. शुक्रवारपर्यंत तिला हे कळू लागते. मग पाळी बदलते.

हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून इथे थांबून विचारायला हवे: पाळी फिरती का होती? कोणी निष्काळजी होते म्हणून नव्हे. रात्रीची जागरणे कोणा एकीच्या माथी कायमची मारणे अन्यायाचे वाटले म्हणून. किबुत्झमध्ये नकोशी कामे वाटून घ्यायची रीत होती. भोजनगृहातली वाढणी, भांडी, शनिवारचे जादा काम जसे आळीपाळीने, तशीच रात्रीची राखण. मोठ्यांमधल्या न्यायाची गरज भागवणारा नियमच मुलांच्या गरजेच्या आड येत होता. दिवसा मेटापेलेत महिनोन्महिने तीच असे, म्हणून दिवस निभावला. रात्रीची बाई आठवड्याला बदलली, म्हणून रात्र निभावली नाही. भांडी कोणी घासली याने भांड्याला फरक पडत नाही, मुलाला पडतो.

गरजांचे दोन प्रकार इथे वेगळे काढता येतात. काही गरजा काम झाले की भागतात, करणारा कोणीही असो. अन्न शिजणे, कपडे धुणे, गणित शिकणे, देवीची लस. काही गरजा ठरावीक माणसाकडूनच भागतात, आणि त्या माणसाचे पुन्हा पुन्हा तेच असणे हाच उपाय असतो. भीती वाटल्यावर मिळणारा दिलासा या दुसऱ्या प्रकारातला. पहिल्या प्रकारच्या गरजांसाठी संस्था बदलता येते, वाटता येते, मोठी करता येते. दुसऱ्या प्रकारात माणूस बदलला की काम झाले तरी गरज उरते. मालिनोव्हस्की यांच्या सात रकान्यांत हा भेद नाही, मर्डॉक यांच्या चार कामांतही नाही.

मोजमाप काय सांगते

ही नुसती कल्पना राहिली असती, पण दोन्ही पद्धती काही काळ शेजारीशेजारी चालू होत्या. काही वस्त्यांत मुले घरी झोपू लागली होती, काहींत अजून बालघरात. दिवसाची बालघरे दोन्हीकडे सारखीच. फरक फक्त रात्रीचा. अभ्यासकाला अशी स्वच्छ तुलना क्वचित लाभते.

अव्राहम सागी, मारिनस व्हान आयझेंडोर्न आणि सहकाऱ्यांनी हा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. साधन होते मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांची 'अनोळखी प्रसंग' ही पद्धत. साधारण वीस मिनिटे, आठ छोटे टप्पे. आई आणि मूल एका नव्या खोलीत, मग अनोळखी बाई येते, आई दोनदा बाहेर जाते आणि दोनदा परत येते. मूल किती रडले याला कमी महत्त्व. आई परतल्यावर ते काय करते, हे पाहायचे. जवळ येऊन शांत होते आणि पुन्हा खेळाकडे वळते (ही सुरक्षित जवळीक), की चिकटते आणि त्याच वेळी ढकलते, शांतच होत नाही.

घरी झोपणाऱ्या २५ मुलांपैकी ८० टक्के मुलांची आईशी असलेली जवळीक सुरक्षित आढळली. बालघरात झोपणाऱ्या २३ पैकी ४८ टक्के. दिवसाच्या सांभाळाच्या दर्जात दोन गटांत फरक सापडला नाही.

आकडे लहान गटांचे आहेत, हे विसरू नये. असुरक्षित जवळीक म्हणजे आजार नव्हे, हेही. बालघरात झोपणाऱ्यांतली जवळपास निम्मी मुले सुरक्षितच होती, म्हणजे आईबापांच्या त्या दुपारच्या तासांत बरेच बळ होते. तरीही इतका मोठा फरक नुसत्या झोपण्याच्या जागेने पडावा, ही गोष्ट हलकी नाही. दिवसभर भरवसा देणारी आई रात्री, म्हणजे सर्वांत जास्त गरज असताना, येत नाही. मुलासाठी ती कधी येते, कधी येत नाही अशी होते. चिकटणे आणि ढकलणे एकाच वेळी दिसते ते बहुधा यातूनच.

या अभ्यासाचा उलटा अर्थ काढणारे पुष्कळ भेटतात. 'पाहा, मुलाने आईजवळच राहिले पाहिजे, पाळणाघरे वाईट.' आकडे असे काहीच सांगत नाहीत. ८० टक्क्यांतली मुलेही जेमतेम काही महिन्यांची असल्यापासून दिवसभर बालघरातच होती. दिवस वाटून घेता आला. रात्र वाटता आली नाही, निदान अशा फिरत्या पाळीने तरी नाही.

कोणी न ठरवलेले परिणाम

सुप्त कार्याचे एक लख्ख उदाहरणही याच बालघरांतून आले. योसेफ शेफर यांनी १९७१ मध्ये किबुत्झमध्ये वाढलेल्यांच्या २,७६९ विवाहांची माहिती तपासली. एकाच गटात वाढलेल्यांचे विवाह निघाले १४. जन्मापासून सहा वर्षांचे होईपर्यंत सलग एकत्र राहिलेले जोडपे त्यांत एकही नव्हते. मोठ्यांनी अशा लग्नांना मनाई केलेली नव्हती. उलट काहींना ती आवडलीही असती. एका खोलीत वाढलेली मुले एकमेकांकडे भावंडांसारखे पाहू लागली होती, असा निष्कर्ष काढला गेला आणि तो पुस्तकांत रुजला. २००९ मध्ये मोठ्या झालेल्या या मुलांच्या मुलाखतींतून चित्र गुंतागुंतीचे निघाले. आकर्षण मुळीच नव्हते असे नाही, पण गटाच्या एकोप्याला तडा जाईल म्हणून ते दाबले जाई. कोणतेही स्पष्टीकरण घेतले तरी परिणाम तोच. जोडीदार दुसऱ्या गटातून, दुसऱ्या वस्तीतून किंवा बाहेरून आला.

दुसरा परिणाम जास्त बोचरा. स्त्रियांना घरकामातून मोकळे करण्यासाठी बालघर उभे राहिले. पण बालघर, भोजनगृह आणि धुलाईघर चालवायला माणसे लागत, आणि दोन दशकांत ती जवळपास सगळी स्त्रियाच होत्या. ज्या बाईला स्वतःच्या मुलाच्या संगोपनातून सोडवले, तीच दिवसभर दुसऱ्यांची सहा मुले सांभाळू लागली. ट्रॅक्टर आणि नांगर पुरुषांकडे परतले. पुरुष मेटापेलेत फार थोडे झाले, आणि ही वाटणी चुकीची आहे असे विचारधारेने म्हटले तरी कामाच्या यादीत ती बदलली नाही.

परत फिरणे सोपे नव्हते

मुलांना घरी निजवण्याची मागणी आयांनी लावून धरली, आणि त्यांत सर्वांत ठाम होत्या बालघरातच वाढलेल्या स्त्रिया. ज्या रात्री त्यांनी स्वतः काढल्या त्या आपल्या मुलांना द्यायच्या नव्हत्या. विरोधकांचे म्हणणेही पोकळ नव्हते. संध्याकाळी आई घरात अडकेल, सभा आणि व्याख्यानांना येणार नाही, समतेची पीछेहाट होईल.

निर्णय सर्वसाधारण सभेत मतदानाने होई, पण मत झाले म्हणून मूल घरी येत नसे. पहिला अडसर भिंतींचा. जोडप्याचे घर म्हणजे एक खोली, किबुत्झच्या बोलीत घराला शब्दच 'हेदेर', म्हणजे खोली. मुलाला निजवायचे तर प्रत्येक घराला निदान एक खोली जोडायची. शंभर कुटुंबे असली तर शंभर बांधकामे. दुसरा अडसर समतेचा. आधी कोणाची खोली? ज्यांची झाली त्यांनी मुले नेली तर उरलेली मुले रिकाम्या होत चाललेल्या बालघरात, कमी झालेल्या राखणीत झोपणार. म्हणून अनेक ठिकाणी सगळ्यांच्या खोल्या होईपर्यंत थांबायचे ठरे, आणि निर्णय व अंमल यांत वर्षे जात. तिसरा अडसर महासंघाचा. किबुत्झ आर्त्झीचा पवित्रा सर्वांत कडक होता, त्याच्या वस्त्या सर्वांत शेवटी वळल्या. १९८० च्या दशकात महागाई भडकली, १९८५ च्या आर्थिक उपायांनंतर व्याजदर चढले आणि अनेक किबुत्झ कर्जात रुतले. बांधकामाला पैसा उरला नाही.

शेवटचा धक्का बाहेरून आला. जानेवारी-फेब्रुवारी १९९१ मध्ये इराकची क्षेपणास्त्रे इस्रायलवर पडू लागली. रासायनिक हल्ल्याच्या भीतीने प्रत्येक कुटुंबाने एक खोली चिकटपट्ट्यांनी बंद केली, विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे हाताशी ठेवले. अशा रात्री मुलाला बालघरात ठेवून येणे कोणालाही शक्य नव्हते. मुले घरी आली. लढाई संपल्यावर जिथे अजून बालघरात झोपायची पद्धत होती, तिथल्याही बहुतेक आईबापांनी त्यांना परत पाठवले नाही. ज्या चर्चेला दशके लागली होती, ती काही आठवड्यांत मिटली. जागा अपुरी होती, पण लोकांनी त्याच जागेत गाद्या टाकल्या.

एक तुकडा हलला की

रात्र घरी आली आणि तिच्यामागून बरेच काही ओढले गेले. लहान मूल आठ वाजता घरात निजते म्हटल्यावर आईबापांपैकी एकाला घरी थांबावे लागे. भोजनगृहातले रात्रीचे जेवण ओसरू लागले, कारण दमलेल्या मुलांना घेऊन तिथवर जाण्यापेक्षा घरीच काहीतरी करणे सोपे. घरी जेवायचे तर शेगडी हवी, शीतकपाट हवे, भांडी हवीत. एका सामायिक स्वयंपाकघराचे काम शंभर छोट्या ओट्यांवर वाटले गेले, आणि त्यांतला बहुतेक वाटा पुन्हा बायकांकडे आला. सभांना हजेरी घटली. विरोधकांची भाकिते बऱ्याच अंशी खरी ठरली.

तरीही उलटे फिरा असे कोणी म्हटले नाही. बालघरे सकाळी उघडतात, चारच्या सुमारास मुले घरी जातात. सांभाळणाऱ्या बाईला अजून मेटापेलेतच म्हणतात. पूर्वीसारखीच ती त्याच मुलांना महिनोन्महिने भेटते, पण रात्री दोनच्या रडण्याची जबाबदारी आता फिरत्या पाळीवर नाही. तो आवाज पलीकडच्या खोलीत ऐकू येतो, तारेशिवाय. आणि दोन-तीन खोल्यांच्या त्या घराला जुनी माणसे अजूनही 'हेदेर'च म्हणतात.